छापून झालेल्या निबंधात चूक सापडली: दुरुस्ती, माघार की बदलून पुन्हा प्रसिद्धी?

निबंध प्रसिद्ध होऊन वर्ष उलटले आहे, इतरांनी त्याचे संदर्भही दिले आहेत, आणि आता जुन्या फाइली चाळताना लक्षात येते की तिसऱ्या तक्त्यातला आकडा कच्च्या नोंदींशी जुळत नाही. लेखकाला जर्नलकडे तीन गोष्टी मागता येतात: करेक्शन म्हणजे दुरुस्ती, रिट्रॅक्शन म्हणजे निबंध मागे घेणे, किंवा निबंध मागे घेऊन सुधारलेली आवृत्ती त्याच जागी पुन्हा प्रसिद्ध करणे. चौथा मार्ग, 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' म्हणजे वाचकांना सावध करणारी सूचना, संपादकांच्या हातात असतो.

निवड करताना बहुतेक जण 'चूक कोणाची, मुद्दाम झाली की नकळत' इथून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: चूक काढल्यावर निबंधाचा मुख्य निष्कर्ष उभा राहतो का? प्रकाशन-नीतीसाठी 1997 मध्ये स्थापन झालेल्या 'कोप' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही स्पष्ट सांगतात की रिट्रॅक्शन हे संशोधनाची नोंद शुद्ध करण्यासाठी असते, लेखकाला शिक्षा म्हणून नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये. कच्च्या डेटाची मूळ प्रत बाजूला सुरक्षित ठेवा आणि विश्लेषण पहिल्या पायरीपासून पुन्हा चालवा, फक्त चुकलेल्या रकान्यापुरते नाही. मूळ आकडेमोड ज्याने केली नव्हती अशा सहलेखकाने हे स्वतंत्रपणे करावे. मग सारांश, मजकूर, तक्ते आणि आलेख यांतला प्रत्येक बदललेला आकडा 'आधी' आणि 'आता' अशा दोन रकान्यांत लिहा. पुढचा बराचसा निर्णय हा कागदच करतो.

दुरुस्ती पुरते, जेव्हा चूक निबंधाच्या लहान भागात आहे आणि बाकीचे विश्वासार्ह आहे. आलेखाच्या अक्षावर चुकीचे एकक, एका उपगटाची चुकलेली संख्या, सांगायचा राहिलेला निधीचा स्रोत, ही ठरलेली उदाहरणे. गडबड होते ती दोन ठिकाणी. एक, तक्ता सुधारला जातो पण सारांशातला जुना आकडा तसाच राहतो, आणि बहुतेक वाचक सारांशच वाचतात. दुसरे, 'निष्कर्षांवर परिणाम होत नाही' हे वाक्य पुराव्याशिवाय टाकले जाते. नवे आकडे शेजारी दिल्याशिवाय त्या वाक्याला किंमत नाही. पी-मूल्य (निकाल निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारा आकडा, ज्याची रूढ सीमा 0.05) 0.04 चे 0.06 झाले एवढ्यावरून निबंध बाद होत नाही. पण परिणामाची दिशाच उलटली, किंवा सारांशातला मुख्य दावा त्या एकाच आकड्यावर उभा असेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरणे म्हणजे वाचकाची दिशाभूल आहे.

तेव्हा निबंध मागे घ्यावा. त्यासाठी लबाडी झालेली असावी लागत नाही. जेफ्री चँग यांच्या गटाच्या प्रथिनरचनांच्या संशोधनात प्रयोगशाळेतच लिहिलेल्या एका प्रोग्रॅमने डेटाचे दोन स्तंभ उलटे केले. त्यामुळे इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा उलटा झाला आणि त्यावर बेतलेल्या रचना चुकल्या. त्यातून पाच निबंध मागे घ्यावे लागले. फ्रान्सेस आर्नोल्ड यांनी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाल्यानंतर, 2020 च्या जानेवारीत, आपला 'सायन्स'मधला निबंध मागे घेतला: प्रयोगाचे निकाल पुन्हा मिळत नव्हते आणि वहीतल्या काही नोंदीच नव्हत्या. नाव जाईल या भीतीने हा निर्णय लांबवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. चूक लेखकाने स्वतः कळवली तर त्याच्या आधीच्या निबंधांच्या संदर्भांत घट दिसत नाही, असे 2013 च्या एका अभ्यासात आढळले. दुसऱ्याने उघड केली तर घट होते.

मागे घेऊन पुन्हा प्रसिद्धी हा मधला मार्ग प्रामाणिक पण मोठ्या चुकीसाठी आहे: डेटा खरा, विश्लेषण पुन्हा करता येण्याजोगे, मात्र बदल इतके की दुरुस्तीच्या टिपेत मावत नाहीत. 7447 जणांवरची 'प्रेडिमेड' ही आहारचाचणी याचे ठळक उदाहरण. यादृच्छिक वाटप, म्हणजे कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवणे, सगळीकडे नीट झाले नव्हते. एका घरातल्या माणसांना एकाच गटात घातले गेले होते, आणि एके ठिकाणी तर अख्खे दवाखाने एकेका गटात गेली होती. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने 2013 चा निबंध 2018 मध्ये मागे घेतला आणि नव्या विश्लेषणासह, कार्यकारणाची भाषा सौम्य करून पुन्हा छापला. या मार्गात फेरसमीक्षा होते, त्यामुळे वेळ लागतो, आणि सगळी जर्नल्स तो देत नाहीत. आधी विचारून घ्या.

'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' लेखकाने मागण्यात अर्थ नसतो. पुरावा अपुरा असतो किंवा संस्थेची चौकशी चालू असते तेव्हा वाचकांना सावध करण्यासाठी संपादक ते छापतात. 2020 मध्ये सर्जिस्फिअर या कंपनीने दिलेल्या रुग्ण-डेटावरच्या निबंधांबाबत अशी सूचना आली आणि दोनच दिवसांत निबंध मागे घेतले गेले. एरवी ती वर्षानुवर्षे तशीच लटकत राहू शकते.

संपादकांना पाठवायच्या पत्रात चूक काय, कशी आणि कोणाच्या लक्षात आली, 'आधी-आता' तक्ता आणि तुमची मागणी एवढे असावे. सगळ्या सहलेखकांना कळवणे आवश्यक आहे, पण एकमत झाले नाही म्हणून काम थांबत नाही. कोण सहमत नाही हे सूचनेत नोंदवता येते. 'काही त्रुटींमुळे' असा गुळमुळीत मसुदा आला तर तो नाकारा. कारण नेमके लिहिलेले असावे, निबंध कोण मागे घेत आहे ते दिसावे, सूचना सर्वांना मोफत वाचता यावी आणि मूळ निबंधाशी जोडलेली असावी. पीडीएफ गुपचूप बदलण्याचा प्रस्ताव कुणीही मांडला तरी मान्य करू नका: डाउनलोड केलेल्या जुन्या प्रती फिरतच राहतात आणि कोणता आकडा खरा हे कुणालाच कळत नाही.

सूचना छापून आल्यावर प्रीप्रिंट (जर्नलआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आणि संस्थेच्या संग्रहातली प्रत तुम्हालाच सुधारावी लागते. तुमचे आकडे ज्यांनी मेटा-विश्लेषणात (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या अभ्यासात) घेतले आहेत त्यांना थेट ईमेल करा, कारण त्यांची आकडेमोड आजही तुमच्या चुकीच्या रकान्यावर चालते आहे.