सुगंधी चहा: वासाखाली चहा आहे का?

पाकीट उघडताच दरवळ आला म्हणजे चहा चांगला, असं समजू नका. तेलाचे चार थेंब चुऱ्यालाही सुवास देतात. खरी परीक्षा कप कोमट झाल्यावर होते. वास ओसरतो आणि खालची पत्ती जिभेवर उघडी पडते. इथले चहा असेच, 200 मिली पाण्याला 2 ग्रॅम पत्ती घेऊन, कोरे आणि बिनसाखरेचे चाखले आहेत. फक्त वेलचीचा चहा दुधातला.

जस्मिन ग्रीन टी सगळ्यांत सरस. यातलं फूल म्हणजे आपला मोगराच. चीनच्या फूच्यौ भागात मिटलेल्या कळ्या संध्याकाळी चहापत्तीत मिसळतात. रात्री त्या उमलतात, पत्ती वास ओढून घेते. मग फुलं चाळून काढतात, पत्ती सुकवतात आणि ताज्या कळ्या घेऊन पुन्हा तेच. उंची मालाला असे कितीतरी हात दिले जातात. त्यामुळे पाकिटातल्या वाळक्या पाकळ्या निव्वळ शोभेच्या, त्या पाहून जास्त पैसे मोजू नयेत. उकळतं पाणी थेट ओतलं की हा चहा कडवट होतो. तीन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी मिसळलं की साधारण 80 अंश मिळतात, थर्मामीटर लागत नाही. दोन मिनिटांत गाळावा. त्याच पत्तीच्या दुसऱ्या कपातही मोगरा जाणवला तर माल अस्सल. वरून तेल मारलेल्या पत्तीचा दुसरा कप बहुधा बिनवासाचाच लागतो.

अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं. हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रियात पिकतं. तेल जास्त झालं की घोटाघोटाला साबणाची आठवण येते, आणि स्वस्त टी-बॅगांत हे वरचेवर होतं. दार्जिलिंगची पहिल्या तोडणीची नाजूक पत्ती या तेलाखाली दबून जाते, निलगिरीची मात्र छान जुळते. पाणी उकळतं घ्यावं, झाकण ठेवून तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला बारीक चुऱ्याचा तुरटपणा घसा धरतो. चमचाभर दूध चालतं, पण मग लिंबू पिळू नये, दूध फाटतं.

लॅपसांग सूशाँग हा चिनी चहा पाइनच्या धुरावर सुकवतात. धुराचा वास आवडत नसेल तर वाटेला जाऊ नये.

वेलचीच्या स्वादाची सीटीसी, म्हणजे रोजची दाणेदार चहा पावडर निराशा करते. आपण चहा खळखळ उकळतो, त्यात वरून लावलेला स्वाद वाफेबरोबर उडतो. साधी कडक पावडर घेऊन दोन कपांना दोन वेलदोडे ठेचून शेवटच्या मिनिटाला टाकावेत, ते स्वस्तही पडतं. आलं घालायचं तर दुधाआधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळावं. कच्च्या आल्यातलं विकर दूध फाडतं, उकळल्यावर ते निकामी होतं.

गवती चहाच्या वाळक्या बॅगा घ्यायचं कारणच नाही. कुंडीतल्या तीन ताज्या पाती जास्त वास देतात.

बोअरच्या जड पाण्यात यातला कुठलाच चहा खुलत नाही, वर तवंग येतो. पाकीट 50 ग्रॅमचंच घ्यावं आणि पत्ती घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवावी. जिऱ्याशेजारचा जस्मिन महिनाभरात जिऱ्याचा होतो.