गूगल शेअर्ड ड्राइव्ह: छोट्या ऑफिसने घ्यावा का?

बडोद्यात रावपुरा-दांडिया बाजाराकडच्या पाच-दहा माणसांच्या ऑफिसांनी शेअर्ड ड्राइव्ह, म्हणजे गूगलवरची ऑफिसच्या फायलींची सामायिक जागा, जरूर घ्यावा. कारण एकच, पण मोठं. ‘माय ड्राइव्ह’मधली, म्हणजे ज्याच्या-त्याच्या खात्यातल्या जागेतली, फाईल बनवणाऱ्याच्या मालकीची असते, तो नोकरी सोडून गेला आणि मालकी न बदलताच त्याचं खातं काढून टाकलं, की फायलीही जातात. शेअर्ड ड्राइव्हमध्ये मालकी ऑफिसची राहते. फुकटच्या जीमेल खात्यावर मात्र तो मिळत नाही.

हक्क देताना हात आखडता ठेवा. सरसकट सगळ्यांना ‘मॅनेजर’ केलं तर कोणाच्याही हातून अख्खा फोल्डर उडू शकतो. ‘कॉन्ट्रिब्यूटर’ फाईल टाकतो, बदलतो. काढू शकत नाही. नव्या मुलांना एवढं पुरे. काढलेली फाईल ट्रॅशमध्ये 30 दिवसच राहते.

खरी डोकेदुखी म्हणजे फोल्डरात फोल्डर. वेबवर सगळं ठीक दिसतं, पण कॉम्प्युटरवर फाईलचा पूर्ण पाथ (सगळ्या फोल्डरांची नावं धरून फाईलचा पत्ता) 218 अक्षरांपुढे गेला की एक्सेल ती उघडतच नाही. म्हणून तीनच पातळ्या ठेवा: पक्षकार, वर्ष, काम. नावात तारीख आधी, तीही वर्षापासून: ‘2025-03-31_ताळेबंद’. क्रम आपोआप लागतो. ‘फायनल’, ‘फायनल-2’ ही नावं बंदच करा. जुन्या आवृत्त्या ‘व्हर्जन हिस्टरी’त सापडतात.