खुब्याचं ऑपरेशन: योजना, निधी की पाटल्या?

माण तालुक्यातली आमची आत्या, वय 72. गोठ्यात शेणावरून घसरली. पाय आखूड दिसायला लागला, बाहेरच्या अंगाला वळला. म्हणजे खुबा मोडल्यात जमा. घरात पहिला विषय निघाला पैशाचा, दवाखान्याचा नंतर. चुकलंच. पैसा कुठून येणार ते गाडी कुठल्या दारात थांबते त्यावर ठरतं. आम्ही थेट नावाजलेल्या डॉक्टरकडं गेलो. तिथं मोफत उपचाराची सरकारी योजनाच नव्हती.

हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं. म्हातारं माणूस पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छाती भरते. म्हणून मी तुलना करतो ती आधी वेळेची.

पहिली पसंती महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान. वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंत. रॉड किंवा सांधा, औषधं, जेवण सगळं पॅकेजमध्ये. दवाखाना मात्र यादीतला हवा. गाडीत बसायच्या आधी 155388 वर विचारा. आमचं घोडं अडलं कागदावर: रेशन कार्डावर सोनुबाई, आधारवर सोनाबाई. सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न न बघता, नुसत्या आधारवर. तरी अंगठा शेतीनं झिजलेला, ओटीपी मुंबईच्या पोराच्या मोबाइलवर! शेवटी चेहरा दाखवून काम झालं. ‘भारीतला सांधा बसवू, वरचे द्या’ असं कुणी म्हटलं तर आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा.

धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत (उत्पन्न 1.80 लाखांपर्यंत), आणखी 10 टक्के निम्म्या दरात (3.60 लाखांपर्यंत). दाखला घरात तयार असेल तर उत्तम. पण खाट रिकामी आहे का, हे फोनवर कुणी धड सांगत नाही.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी म्हणजे जोड. अंदाजपत्रक, तहसीलचा दाखला, मग मंजुरी. पैसे दवाखान्याच्या खात्यात. आपण आधी भरलेलं बिल परत मिळत नाही. यावर भिस्त ठेवून ऑपरेशन लांबवू नका.

सोनं तारण ठेवलं की तासाभरात पैसे, डॉक्टरही मनाजोगता. व्याज मात्र सुगीपर्यंत मागं लागतं.

आत्याचं ऑपरेशन साताऱ्याला सिव्हिलमध्ये झालं. तिनं काढून दिलेल्या पाटल्या तिला परत घातल्या. त्यातली एक पुढं मोडलीच: वॉकर, कमोडची खुर्ची आणि दोन महिने उठवा-बसवायला ठेवलेल्या बाईचा पगार.