बांधावरच्या बाभळीला कोणतं कटर? पेट्रोलचं, वायरचं, बॅटरीचं की भाड्याचा माणूस

कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली, रब्बी घरात आली, की बांध उघडे पडतात आणि चोपड्यापासून शहाद्यापर्यंत एकच विषय निघतो: यंदा कटर मशीन, म्हणजे फिरत्या चेनने लाकूड कापणारा चेनसॉ, घेऊनच टाकू. कुऱ्हाड चालवणारा माणूस वेळेवर मिळत नाही, मिळाला तर रोज परवडत नाही. त्यात मोबाईलवर '५८ सीसी, २२ इंची' मशीनची जाहिरात दिसते आणि किंमत बघून हात शिवशिवायला लागतात.

आधी स्वतःला विचारा, कापायचं नेमकं काय आहे? रावेर-यावलकडे केळीवाले असाल तर केळीचा खांब यादीतून काढा. त्यातलं पाणी आणि धागा चेनभोवती गुंडाळतो, झाकणात लगदा भरतो, मशीन रडतं. तिथे कोयताच बरा. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली शेवरी आणि गजराज गवतही कोयत्याचंच काम. उरली बांधावरची बाभूळ, निंब, सुबाभूळ, कुठे निलगिरीची रांग. त्यातही उभं झाड पाडायची वेळ क्वचितच येते. खरं काम असतं फांद्या छाटायचं, जूनच्या वादळात आडवं झालेलं झाड तुकडे करून वाट मोकळी करायचं आणि चुलीपुरतं सरपण काढायचं. मशीनची निवड या रोजच्या कामावरून करावी. दहा वर्षांतून एकदा पाडायच्या चिंचेवरून केली की फसगत ठरलेली.

मोठं स्वस्त की लहान नावाजलेलं

पेट्रोलमध्ये बाजारात सरळ दोन वाटा आहेत. एकीकडे ५२-५८ सीसीची, २२ इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) स्वस्त मशीनं. दुसरीकडे स्टिल, हस्क्वार्ना यांसारख्या कंपन्यांची ३० ते ४५ सीसीची, १४ ते १८ इंची बारची, किमतीला कितीतरी चढी. उदाहरणादाखल स्टिलचं एमएस १८० घ्या: इंजिन ३१.८ सीसी, वजन बार-चेन सोडून चार किलोंच्या आसपास. २२ इंची मशीन पेट्रोल, तेल, बार, चेन धरून सात किलोंकडे जातं. दुकानात उचलून बघताना हा फरक जाणवत नाही. भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ कडे निघालेला असताना, तासाभराने खांदा सांगतो. आणि थकलेल्या हातात कटर ही सगळ्यात वाईट गोष्ट.

लांब बार म्हणजे जास्त काम, ही समजूत सोडा. १६ इंची बारने दोन्ही बाजूंनी कापत गेलं तर त्याहून जाड खोडही निघतं. लांब बारचं टोक मात्र खोडाच्या पलीकडे जातं आणि तिथे काय आहे ते दिसत नाही. ते मातीत घुसलं तर चेनची धार तिथेच संपली. आणि टोकाचा वरचा पाव भाग कशाला लागला तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. पापणी लवायच्या आत घडतं हे, सावरायला वेळ नसतो. त्यासाठीच पुढच्या हँडलसमोर चेन ब्रेक असतो. चांगल्या मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही तो लागतो. स्वस्तातल्या काही मशीनवर तो असतो, पण लागला तरी चेन सरकत राहते. माझ्या मते दोन्हींच्या किमतीतला खरा फरक इथे आहे, सीसीत नाही.

मग स्वस्त मशीन घ्यायचंच नाही का? वर्षातून चार दिवस आडवी लाकडं कापायची असतील, गावात दुरुस्तीवाला असेल आणि ब्रेक तपासून घेणार असाल, तर चालेल. फक्त २२ इंची बार काढून १८ इंची बसवून घ्या, चेनही त्याच मापाची. उभी झाडं पाडायची असतील तर मी ते हातात घेणार नाही.

दोन्हींना पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल लागतं. नावाजलेल्या कंपन्या त्यांच्या तेलाला ५० ला १ म्हणतात, म्हणजे लिटरला २० मिली. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बहुधा २५ ला १ असतं, म्हणजे ४० मिली. पुस्तिका काय म्हणते तेच धरा, 'थोडं जास्त टाकलं तर काय होतं' हे नको. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं. मे महिन्यात टाकी भरून मशीन कोठीत ठेवलं आणि दिवाळीनंतर दोरी ओढली, की कार्बोरेटर साफ करायचा खर्च आलाच. काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालू द्या.

वायरचं आणि बॅटरीचं

वायरचं कटर हलकं, कमी कटकटीचं, धूर नाही. पण ते वाड्यातलं, खळ्यातलं मशीन. वावरात सिंगल फेज कुठून आणणार? आणि शंभर मीटर बारीक वायर ओढली की व्होल्टेज पडतं, मोटर तापते. घरामागे सरपण कापण्यापुरतं उत्तम.

बॅटरीचं मला आवडतं, विशेषतः फळबागेच्या छाटणीला. बटण सोडलं की चेन थांबते, आवाज कमी. पण बऱ्याच पॅकच्या पुस्तिकेत चार्जिंग ४० अंशांच्या आत करा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिलपासून दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ती अट पाळणं जमत नाही. रात्री घरात चार्ज करा, दुसरी बॅटरी जवळ ठेवा. वाळलेल्या बाभळीपुढे लहान बॅटरी मशीन लवकर दमतं. हातात मावणारी चार-सहा इंची मशीनं तर फांदीचीच, खोडाला लावू नका.

पाडणं: कोणतं झाड आपलं, कोणतं नाही

सरळ उभं, फूट-सव्वा फूट जाडीचं, आजूबाजूला झाडाच्या उंचीच्या दुप्पट मोकळी जागा असलेलं झाड शिकून घेतलेल्या माणसाने पाडावं. बाकी सगळं भाड्याच्या टोळीवर सोडावं: झुकलेलं, पोकळ, विहिरीवर आलेलं, दुसऱ्या झाडात अडकलेलं. विजेच्या तारेजवळचं असेल तर आधी वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्यायची, मग टोळी.

झुकलेली बाभूळ सगळ्यात फसवी. मागून कापत आलं की खोड अर्ध्यावरच उभं चिरतं आणि चिरलेला भाग मागे उसळून कापणाऱ्याच्या छातीवर येतो. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याची आपल्याकडची सवयही तशीच. दोर आखूड, ड्रायव्हरने घाई केली, झटका बसला, की झाड ठरवलेल्या दिशेला न जाता वाटेल तिकडे जातं.

जे आपलं आहे त्याची रीत अशी. समजा खोड ३६ सेंटीमीटर जाड आहे. ज्या बाजूला पाडायचं तिकडे आधी खाच घ्यायची, जाडीच्या पाव भागाइतकी खोल, म्हणजे ९ सेंटीमीटर. तोंड चांगलं उघडं ठेवा, ७० अंशांपर्यंत. मग मागून काप घ्यायचा, पण आरपार नाही. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी, साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास लाकडाची पट्टी सोडायची. ही बिजागरी. तीच झाडाला दिशा देते. ती कापली की झाडावर तुमचा ताबा संपला. काप पुरेसा आत गेला की मागे प्लास्टिकची किंवा लाकडाची पाचर ठोका, म्हणजे झाड मागे बसून बार अडकत नाही. लोखंडी पाचर नको, चेन लागली तर दोन्हींचं नुकसान.

पळायची वाट कापण्याआधी साफ करायची, पडण्याच्या दिशेच्या उलट आणि तिरपी. अगदी सरळ मागे नाही, कारण बुंधा मागे सरकू शकतो. काम सकाळी उरका. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि शेंड्याला धरून बिजागरीचं गणित बिघडवतो.

आणखी एक खास आपल्याकडची भानगड. बांधावरच्या झाडालाच खांब समजून तारकुंपण ठोकलेलं असतं, निंबात जुने खिळे गाडलेले असतात. वर साल भरून येते, तार आत राहते. कापण्याआधी खोड हाताने चाचपा, गाठ दिसली तर काप वर-खाली घ्या.

धार ओळखायला भुशाकडे बघा. ठसठशीत ढलप्या पडत असतील तर ठीक. पिठासारखी धूळ पडायला लागली आणि मशीन दाबावं लागलं, तर थांबून गोल कानस काढा: लहान ३/८ चेनला ४ मिमी, .३२५ च्या चेनला ४.८ मिमी (३/८, .३२५ ही चेनची इंची मापं). प्रत्येक दाताला सारखे हात, एकाच दिशेने. बोथट चेन जोर मागते, आणि जोर लावला की हात घसरतो.

मशीनच्या पैशातलेच थोडे अंगावरच्या सामानाला ठेवा. हेल्मेट, जाळीचा मुखवटा, कानाला मफ (पेट्रोल कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो), बंद बूट आणि पायाला चॅप्स, म्हणजे पँटवरून बांधायचं जाड संरक्षक आवरण. चॅप्सच्या आतले लांब धागे चेनमध्ये गुंतून तिला थांबवतात. जखमा जास्त करून डाव्या पायाला होतात, म्हणून सदरा-पायजमा आणि चपलेवर कटर धरणाऱ्याला, सालदार असो की घरचा पोरगा, आधी थांबवा. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये पाय घालून सुरू करायचं. खांद्याच्या वर उचलायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच.

परवानगीचं थोडक्यात: १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. धुळे-जळगावसारख्या शहरांत १९७५ चा वेगळा कायदा लागतो, तिथे महापालिकेचा वृक्ष विभाग गाठा.

दुकानात गेलात की विक्रेत्याकडून मशीन चालू करून घ्या, चेन फिरत असताना ब्रेक पुढे ढकलायला लावा. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. मग ॲक्सिलेटर सोडायला सांगा; इंजिन मंद चालू असताना चेन फिरता कामा नये. बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून रेस द्यायला सांगा. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली तर चेनला तेल देणारा ऑइल पंप चालतोय. शेवटी त्याच बारची सुटी चेन मागा. ती त्याच्याकडे नसेल तर हंगामात तुमच्या तालुक्यातही मिळणार नाही, दुसरं दुकान बघा.