‘कॉनेट’साठी मराठीत काय घ्यावं: सहज, उपजत, जन्मजात की संयुक्त?

‘कॉनेट’ (connate) हे इंग्रजी विशेषण मराठीत आणताना आधी पाहायचं ते एवढंच: वाक्य जन्माबद्दल आहे की जोडाबद्दल? त्या शब्दात दोन्ही आहे. लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे सोबत, ‘नास्की’ म्हणजे जन्मणं. सोबत जन्मलेलं ते कॉनेट, आणि सोबत वाढता वाढता एकजीव झालेलं तेही कॉनेटच.

घडणीने सगळ्यांत जवळचा शब्द ‘सहज’. सह अधिक ज. हा ‘ज’ ज्या ‘जन्’ धातूतून आला, तो आणि ‘नास्की’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. गीतेच्या 18व्या अध्यायातलं ‘सहजं कर्म’ म्हणजे जन्माबरोबर आलेलं कर्म, सोपं काम नव्हे. कर्णाची कवचकुंडलंही अशीच सहज. ती घेऊनच तो जन्मला, आणि इंद्राला देताना त्याला ती अंगावरून कापून काढावी लागली. ‘वैकर्तन’ हे नाव महाभारत त्यावरूनच सांगतं. जन्म आणि जोड, दोन्ही अर्थ यात आहेत. तरीही आजच्या लेखनात ‘सहज’ वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘सहज विकार’ वाचून आजचा वाचक अडखळणारच.

गुणाबद्दल लिहायचं असेल तर ‘उपजत’ला तोड नाही. उपजत बुद्धी, उपजत जाण, उपजत सूर. उपजणं या क्रियापदाचा जिवंतपणा त्यात उतरलाय. आजाराला मात्र तो शोभत नाही. तिथे ‘जन्मजात’च हवा.

इथे ‘आनुवंशिक’शी होणारी गल्लत खरोखर घातक आहे. 1941 साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गरोदरपणी आईला झालेला रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचा संबंध दाखवला. तो मोतीबिंदू जन्मजात, पण आनुवंशिक नाही. गर्भात झालेल्या संसर्गाचा तो परिणाम. उलट हंटिंग्टनचा हा मेंदूचा आजार आनुवंशिक, पण लक्षणं बहुधा प्रौढ वयात दिसतात. चुकीचा शब्द पडला की आईबाप आपल्या घराण्यात दोष शोधत बसतात.

वनस्पतीवर लिहिताना वरचे सगळे शब्द बाजूला ठेवा. तिथे ‘संयुक्त’ किंवा साधं ‘जुळलेलं’. धोतऱ्याचं फूल हातात घ्या: पाकळ्या जुळून अखंड नरसाळं झालेलं, आणि वेगळेपणाची खूण म्हणून काठावर तेवढी टोकं उरलेली. जास्वंदीत पुंकेसरांचे तंतू जुळून नळी होते आणि तिच्यातून स्त्रीकेसराची दांडी बाहेर येते. दोन्हीकडे सारखे अवयव आपसांत जुळलेत, म्हणून कॉनेट. धोतऱ्याचे पुंकेसर पाकळ्यांच्या नळीला आतून चिकटलेले असतात. तिथे जोड भिन्न अवयवांचा, त्याला ‘ॲडनेट’ म्हणतात. दोन्हीकडे नुसतं ‘संयुक्त’ लिहिलं तर हा फरक बुडतो. म्हणून मी ‘आपसांत जुळलेले’ आणि ‘पाकळ्यांना चिकटलेले’ असं उलगडून लिहिते. चार अक्षरं जास्त लागतात, लागू देत.

भूविज्ञानात गाळ साचताना त्याच्या कणांमध्ये अडकून खडकातच राहिलेल्या पाण्यालाही कॉनेट म्हणतात. त्यासाठी ‘सहजात’ उत्तम. ‘सहज’चाच अर्थ, आणि ‘सोपं’ची सावली नाही.