मिठाच्या मैदानासाठी जुनी छोटी टर्बो मोटारसायकल: होंडा सीबी ३५०, बुलेट ३५० की सीएक्स ५०० टर्बो?

अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर आपल्या हातांनी बांधलेली, टर्बो (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेली छोटी जुनी मोटारसायकल पळवायची असे ज्यांनी मनाशी पक्के केले आहे, त्यांना सर्वांत आधी इंजिन निवडावे लागते. ही निवड चुकली की पुढे कितीही चांगला टर्बो, कितीही महागडे इंधन-नियंत्रण आणि कितीही कष्ट ओतले तरी त्या मूळ चुकीची भरपाई होत नाही. येथे तीन पर्यायांची तुलना केली आहे. पहिला, १९६८ ते १९७३ या काळातील होंडा सीबी ३५०. दुसरा, आपल्याकडे घरोघरी ओळखीचा असलेला लोखंडी सिलिंडरचा बुलेट ३५०. आणि तिसरा, होंडाने १९८२ मध्ये कारखान्यातूनच टर्बो लावून विकलेला सीएक्स ५०० टर्बो. प्रथमच बांधणी करणाऱ्याने सीबी ३५० घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र बुलेटवर मनापासून प्रेम असलेल्या माणसाला मी परावृत्त करणार नाही, आणि असे का म्हणतो तेही ओघात येईल.

प्रथम हवेचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण टर्बोकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्यावरूनच ठरते. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८५ मीटर उंचीवर आहे आणि तेथील मुख्य स्पर्धा ऑगस्टच्या उन्हात होते, त्यामुळे तेथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाने विरळ असते. सीबी ३५० ची कारखान्याने जाहीर केलेली शक्ती ३६ हॉर्सपॉवर होती. ती तेथे साध्या श्वासावर, म्हणजे टर्बोशिवाय, तिशीच्या आत-बाहेर उरते. टर्बोने सेवन-नळीतील एकूण दाब दीड बारपर्यंत नेला, तर हीच शक्ती पन्नासच्या घरात जाऊ शकते, म्हणजे जवळजवळ ६७ टक्क्यांची वाढ. परंतु हवेचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, एवढ्या वाढीतून प्रत्यक्ष वेग वाढतो तो जेमतेम १९ टक्के. ताशी १५० किलोमीटर जाणारी गाडी १७८ पर्यंत पोहोचते. समोरून येणाऱ्या हवेचा विरोध ४० टक्क्यांनी घटवला, तरी वेगात नेमकी एवढीच वाढ मिळते. १९५६ मध्ये एनएसयू या जर्मन कंपनीचा चमू याच मैदानावर आला होता. त्यांच्या ५०० सीसीच्या, सुपरचार्जर (धुराऐवजी इंजिनाच्याच शक्तीने हवा दाबणारे यंत्र) लावलेल्या आणि पूर्ण आच्छादित गाडीवर विल्हेल्म हेर्त्स यांनी ताशी सुमारे ३३८ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच मोहिमेत, जेमतेम २० हॉर्सपॉवरच्या १२५ सीसी इंजिनाने, चालक जवळपास आडवा झोपलेल्या बुटक्या कवचात, ताशी २४० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. म्हणून टर्बोच्या खर्चाचा आराखडा करताना फेअरिंग (हवा कापणारे बाहेरचे कवच) आणि बसण्याची ठेवण यांसाठी तितकीच रक्कम व तितकेच महिने राखून ठेवावेत.

वर्गाचा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो, पण अनेकांची गाडी तेथेच अडते. बॉनव्हिलची स्पीड वीक ही ऑगस्टमधली मुख्य स्पर्धा भरवणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन गाड्यांचे वर्ग सीसी, सांगाड्याचा प्रकार, इंजिनाचा प्रकार आणि इंधन यांवरून पाडते, आणि टर्बो किंवा सुपरचार्जर लावलेल्या इंजिनांची गणना वेगळी होते. ‘व्हिंटेज’ म्हणजे कोणत्या सालापर्यंतचे इंजिन, ही मर्यादा प्रत्येक संस्थेची वेगळी असल्याने गाडी विकत घेण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका समोर ठेवून वाचावी. बुलेटच्या बाबतीत एक खास अडचण आहे. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनच्या हालचालीची लांबी) ९० मि.मी., म्हणजे क्षमता ३४६ सीसी. आपले मेकॅनिक ज्याला ‘वीस थाऊचा बोअर’ म्हणतात तो, म्हणजे सिलिंडर सुमारे अर्धा मि.मी. रुंद करणे, एकदा केला की क्षमता ३५१ सीसीच्या पुढे जाते आणि गाडी ३५० च्या वर्गातून उचलून थेट ५०० च्या वर्गात टाकली जाते. ३५० ची मर्यादा ओलांडायला बोअर ०.३५ मि.मी.पेक्षा किंचित जास्त वाढणे पुरेसे असते. त्यामुळे झिजलेला सिलिंडर असेल तर त्यात नवी स्लीव्ह घालून बोअर मूळ मापावर आणण्यावाचून इलाज नाही. याउलट सीबी ३५० चा बोअर ६४ आणि स्ट्रोक ५०.६ मि.मी. असून क्षमता प्रत्यक्षात ३२५ सीसीच आहे; बोअर एक मि.मी.ने वाढवला तरी क्षमता ३३६ सीसीच्या आतच राहते. सीएक्स ५०० टर्बो ४९७ सीसीचा असल्याने त्याला अशी मोकळीक नाही, पण तो द्रवशीतित आणि मुळातच टर्बोसाठी घडवलेला असल्याने तेथे बोअर वाढवण्याचा विचारही सहसा येत नाही.

इंजिनाच्या खालच्या भागाकडे पाहू. बुलेटचा लांब स्ट्रोक रस्त्यावर सुखावणारा असला, तरी मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.५ मीटर होतो. होंडा सीबी ३५० मात्र १०,५०० फेऱ्यांवर जाऊनही १७.७ मीटरच्याच घरात असते. पिस्टनला जवळपास सारखेच सोसावे लागत असताना होंडाचे इंजिन जवळजवळ दुप्पट फेऱ्या मारते, म्हणजे त्याच वेळात कितीतरी अधिक हवा ओढते. बुलेटच्या जुन्या इंजिनात कॉनरॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाला तरंगता बुश असतो; तो संथ चालीला उत्तम, पण टर्बोच्या दाबाखाली दीर्घकाळ पूर्ण थ्रॉटलवर ठेवण्यासाठी मी त्यावर विसंबणार नाही. रोलर बेअरिंगचे रूपांतर आपल्याकडचे जाणकार कारागीर वर्षानुवर्षे करत आले आहेत आणि ते येथे अनिवार्य समजावे. सीबी ३५० चा क्रँक चार मुख्य बेअरिंगांवर रोलर पद्धतीने फिरतो, आणि हीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. त्याचे दुखणे वर, कॅमशाफ्टपाशी आहे: ती थेट ॲल्युमिनियमच्या टोप्यांत फिरते आणि तेल कमी पडले तर प्रथम तेथेच ओरखडे उठतात.

टर्बो आणि छोटे इंजिन यांचे जमत का नाही, याचे मूळ धुराच्या ठोक्यांत आहे. एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांतून एकदाच धूर बाहेर पडतो. टर्बाइनला, म्हणजे टर्बोच्या धुरावर फिरणाऱ्या चाकाला, एक जोरदार धक्का बसतो आणि मग बराच वेळ काहीच मिळत नाही. दुसऱ्या टोकाला, टर्बो हवा दाबून देत असतो तेव्हा बहुतांश काळ इनटेक व्हॉल्व्ह बंद असतो, त्यामुळे ती हवा साठवायला मधे एक भक्कम टाकी लागते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये भारतातील छोट्या ट्रॅक्टरांचा विचार करून एका सिलिंडरच्या इंजिनावर टर्बो बसवण्याचे जे संशोधन झाले, त्याचा गाभाही इंजिन आणि टर्बो यांच्यामधली हवेची टाकी हाच होता. बुलेटसाठी इंजिनाच्या क्षमतेच्या काही पट, म्हणजे दीड-दोन लिटरची टाकी पेट्रोलच्या टाकीखाली किंवा सीटच्या पुढे बसवावी लागेल, आणि ती भरेपर्यंत थ्रॉटलचा प्रतिसाद मंद राहील. मिठावर अनेक किलोमीटर सलग पूर्ण थ्रॉटल असतो, त्यामुळे हा दोष रस्त्यावर जितका जाचतो तितका तेथे जाचत नाही. ही बुलेटच्या बाजूने बोलणारी खरी गोष्ट आहे.

सीबी ३५० चे दोन पिस्टन १८० अंशांच्या अंतराने चालतात, म्हणून त्याचे ठोके १८० आणि ५४० अंशांच्या अंतराने पडतात. समसमान नसले तरी टर्बाइनला एकाऐवजी दोन धक्के मिळतात आणि टाकी तुलनेने लहान चालते. हवेच्या प्रवाहातही मोठा फरक आहे: ९,००० फेऱ्यांवर ही होंडा मिनिटाला साधारण १,४६० लिटर हवा गिळू शकते, तर ५,५०० फेऱ्यांवरचा बुलेट ९५० लिटर. बाजारात सहज मिळणारे सर्वांत छोटे टर्बो हे जपानच्या ६६० सीसीच्या केई मोटारींसाठी किंवा एक लिटरच्या आसपासच्या इंजिनांसाठी बनवलेले असतात. होंडाच्या प्रवाहावर असा टर्बो त्याच्या कामाच्या पट्ट्यात कसाबसा येतो. बुलेटवर तो सर्जच्या रेषेला चिकटून राहतो, म्हणजे दाबलेली हवा उलट फिरून चक्राला हादरे देऊ लागते. सीएक्स ५०० टर्बोत हे सारे होंडाच्या अभियंत्यांनी आधीच सोडवून ठेवले आहे. त्यात आयएचआयचा खास छोटा टर्बो, ठोके शमवणारी हवेची टाकी आणि संगणकनियंत्रित इंधन इंजेक्शन आहे, आणि ८२ हॉर्सपॉवर कारखान्यातूनच मिळतात. ज्यांना बांधण्यापेक्षा पळवण्यात अधिक रस आहे त्यांच्यासाठी हा सरळ मार्ग आहे; फक्त चाळीस वर्षे जुने सेन्सर आणि वायरिंग मिठाच्या ओलाव्यात टिकवण्याची तयारी हवी.

तेलाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण घरी बांधलेले टर्बो बहुधा येथेच मरतात. छोटा टर्बो मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्याही पुढे फिरतो आणि त्याचे साधे बेअरिंग दाबाखालच्या तेलाच्या पातळ थरावर तरंगते. सीबी ३५० आणि बुलेट या दोघांच्याही मूळ तेल-पंपांनी प्रवाह दिला तरी असा दाब देणे अपेक्षितच नाही. यावर दोन उपाय आहेत. एक तर टर्बोसाठी स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र छोटी तेलाची टाकी ठेवावी, किंवा बॉल बेअरिंगचा टर्बो घेऊन त्याला मोजक्या छिद्रातून तेल द्यावे. मी पहिल्याची शिफारस करतो, कारण त्यामुळे क्लचची घाण टर्बोत जात नाही आणि टर्बो बिघडला तर त्याचे धातूचे कण इंजिनात शिरत नाहीत. टर्बोतून परतणारे तेल फेसाळ असते; ते उताराने खाली जाईल एवढ्या उंचीवर टर्बो बसवता आला नाही, तर ते ओढून घेणारा दुसरा पंप लागतो. सीएक्सच्या क्रँकला साधी बेअरिंग असल्याने तेथे दाबाचे तेल मुळातच उपलब्ध आहे.

उष्णतेचा हिशेब तिन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे. ३५ अंशांच्या हवेला बॉनव्हिलच्या उंचीवरून दीड बारपर्यंत दाबले, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११० अंशांच्या पुढे जाते. एवढी तापलेली हवा पेट्रोलबरोबर आत गेली की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे अवेळी स्फोट, सुरू होते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला काही सेकंद पुरतात. धाव छोटी असल्यामुळे बर्फ-पाण्याच्या डब्यातून जाणारा, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर येथे फार चांगले काम करतो. नियमांच्या ‘फ्युएल’ वर्गात मिथेनॉल चालते आणि त्याच्या बाष्पीभवनातून मिळणारा गारवा हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना वरदान ठरतो. मात्र ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक प्रमाणात द्यावे लागते, म्हणून कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन घेणे शहाणपणाचे. बुलेट आणि सीबी दोन्हींत घडीव पिस्टन, कमी कॉम्प्रेशन आणि पॉइंट्सच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या यांत्रिक संपर्कांच्या) जागी टाइमिंग मागे-पुढे करता येणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन हवे.

गिअरिंगमध्ये सीएक्स मागे पडतो. त्याला चेनऐवजी शाफ्ट आहे, त्यामुळे वाऱ्याची दिशा किंवा मिठाचा ओलसरपणा पाहून सकाळी मागचा स्प्रॉकेट एका दाताने बदलणे शक्य होत नाही, आणि मिठावर ही सोय अमोल आहे. बुलेटला मात्र पुढचा, मागचा आणि प्रायमरी चेनचा असे तीन ठिकाणी गुणोत्तर बदलता येते. चार गिअरांमधली मोठी अंतरे ही त्याची उणीव. सीबीचे पाच गिअर टर्बोला त्याच्या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात, परंतु वाढलेल्या टॉर्कखाली तिचा क्लच घसरतो, तेव्हा कडक स्प्रिंगा सुरुवातीलाच टाकाव्यात.

ठिकाणही विचारात घ्यावे. कॅलिफोर्नियातील एल मिराज या कोरड्या तळ्यावरची धाव १.३ मैलांची आहे. तेथे वेग घ्यायला जागा थोडी असल्याने लवकर दाब धरणारी सीबी सरस ठरेल. बॉनव्हिलला छोट्या गाड्यांसाठीही तीन मैलांचा मार्ग मिळतो. तेथे विक्रमासाठी पहिल्या दिवशी पात्रता आणि दुसऱ्या सकाळी त्याच दिशेने दुसरी धाव, अशी सरासरी काढतात, तर आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयएमच्या विक्रमासाठी दोन तासांच्या आत उलट-सुलट दोन्ही दिशांनी धावावे लागते. त्यामुळे इंजिन एका धावेपुरते नव्हे, दोन धावांपुरते तगले पाहिजे. आणि भारतातून जाणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की पाऊस किंवा खराब मीठ यांमुळे बॉनव्हिलची स्पीड वीक २०१४, २०१५ आणि २०२२ मध्ये रद्द झाली होती.

अमेरिकेत सीबी ३५० लाखोंच्या संख्येने विकली गेल्याने तिचे सुटे भाग तेथे आजही मिळतात. बुलेटचे भाग आणि तो मनापासून जाणणारी माणसे आपल्याकडे आहेत. २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डच्या काँटिनेंटल जीटी ६५० वर केला रिव्हास या अठरा वर्षांच्या मुलीने बॉनव्हिलला ताशी १५७ मैलांचा वेग गाठला, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना बुलेटही तेथे न्यावासा वाटला असेल, आणि ती इच्छा रास्त आहे. फक्त तो मार्ग निवडणाऱ्याने तीन वर्षांची तयारी धरावी. सीबी निवडणाऱ्याला दोन हिवाळे पुरतील: पहिल्या हिवाळ्यात सांगाडा, स्टीअरिंग डँपर, वेगाला साजेसे टायर आणि फेअरिंग करून गाडी टर्बोशिवायच मैदानावर न्यावी, कारण नवख्याला तसेही टप्प्याटप्प्यानेच वेग वाढवण्याची परवानगी मिळते. त्या धावांत तेलाचे तापमान, एक्झॉस्टचे तापमान आणि फेऱ्या नोंदवून घ्याव्यात, घरी परतताच मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढावे, आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्या आकड्यांवरून टर्बो निवडावा.