आरसेप की सीपीटीपीपी? गरीब देशाच्या बाजूने बघितलं तर

आरसेप आणि सीपीटीपीपी हे आशिया-पॅसिफिक भागातले दोन मोठे व्यापार करार. टॅरिफ (आयात शुल्क) किती कमी होतो यावरच बहुतेक जण असे करार जोखतात, पण वाढ सगळ्यांपर्यंत पोचायला हवी असेल तर आधी नियम वाचा.

आरसेपमध्ये आसियानचे (आग्नेय आशियाई देशांचा गट) 10 देश आणि सोबत चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. 1 जानेवारी 2022 पासून लागू (भारत 2019 मध्येच बाहेर पडला, चीनच्या स्वस्त मालाची धास्ती होतीच). सीपीटीपीपी हा जपान, कॅनडा, व्हिएतनाम वगैरे 11 देशांचा करार, 2018 च्या शेवटी त्यातल्या 6 देशांत सुरू झाला, बाकीचे हळूहळू आले, डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटन पण आला.

फरक कपड्यांत मस्त दिसतो. कंबोडियाने चिनी कापड आणून शर्ट शिवले आणि जपानला विकले तर आरसेपमध्ये टॅरिफची सवलत मिळते, कारण तिथे कापड बाहेरचं असलं तरी कापून शिवण्याचं काम मेंबर देशात झालं की पुरतं. सीपीटीपीपीत मात्र धाग्यापासूनच माल मेंबर देशांतला लागतो, थोडे अपवाद सोडले तर, म्हणजे व्हिएतनामने चिनी कापड वापरलं की सवलत गेली. ज्या देशात अजून सूतगिरण्याच नाहीत आणि शिलाईवर लाखो बायकांची घरं चालतात तिथे पहिला नियमच कामाचा, यात मला तरी शंका नाही.

पण आरसेपमध्ये कामगार आणि पर्यावरणावर चॅप्टरच नाही! छोट्या उद्योगांवर आहे, पण त्यावरून वाद झाला तर तंटा निवारणाकडे जाता येत नाही. सीपीटीपीपीत कामगार आणि पर्यावरण हे दोन्ही चॅप्टर आहेत आणि ते देशांना बंधनकारक आहेत. व्हिएतनामने 2019 मध्ये कामगार कायदा बदलून सरकारी युनियनच्या बाहेरच्या संघटनेला जागा दिली त्यामागे हाच दबाव होता, युरोपियन युनियनच्या कराराचाही होता, आता प्रत्यक्षात ते सगळं रखडलंय ही गोष्ट वेगळी.

स्पर्धेत जे मार खातात त्यांच्यासाठी मोठा फंड दोन्हीकडे नाही. तो युरोपियन युनियनकडे आहे, बजेटचा साधारण तिसरा हिस्सा मागास भागांवर जातो, पण तिथे बाहेरच्याला दार नाही.

व्हिएतनाम, मलेशिया धरून सात देश दोन्ही करारांत आहेत, म्हणजे एकच निवडा अशी सक्ती नाही. माझं मत विचाराल तर शिलाई-असेंब्लीवर चालणाऱ्या देशाने आधी आरसेप धरावा, कामगार कायदा मात्र स्वतःच आत्तापासून सुधारायला घ्यावा, कारण सीपीटीपीपीत नंतर शिरताना नियम आहेत तसे घ्यावे लागतात, घासाघीस फारशी चालत नाही.